जिभेवरचं कुरण

चाखणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. डेअरीत लोणी चाखून त्याची प्रत ठरवायची हे त्यांचं काम, आणि लोकांनी कामालाच आडनाव करून टाकलं. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर चाखणकर स्वतःच मागं वळून बघायचे, आपल्या पाठीशी कोण उभं आहे म्हणून.

सकाळी थंड खोलीचं जाडजूड दार उघडलं की आतलं धुकं त्यांच्या पायांशी लोळण घ्यायचं. भिंती पांढऱ्या, दिवे पांढरे, फळ्यांवर लोण्याचे ठोकळे, आणि मधून पांढऱ्या कोटातले चाखणकर अलगद चालायचे. ढगात कुणी घर बांधावं आणि राखणीला एक काटकुळा माणूस ठेवावा, तसं दिसायचं ते. ठोकळ्यात पन्हळीसारखी पोकळ सळी खुपसायची, अर्धी गिरकी द्यायची, बाहेर ओढायची. सळीच्या पोटात लोण्याची लांब कांडी. आधी ती नाकाखालून फिरवायची, मग नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे.

लोणी विरघळलं की मिटल्या डोळ्यांपुढं कुरण उघडायचं. उतारावर हललेलं गवत दिसायचं, ओढ्याचं पाणी दिसायचं, एखादी गाय रवंथ थांबवून ‘कोण आलं हे?’ अशी बघायची. प्रत्येक कुरण वेगळं. टेकडीवरचं किंचित कडसर, रस्त्याकडचं धुळकट, आणि ओढ्याकाठचं म्हणजे तर काय विचारता! तीन पानांचं, जांभळ्या फुलांचं गवत तिथं माजलेलं असायचं, आणि त्या लोण्याला अशी गोडी असायची की चाखणकर डोळे उघडायलाच विसरायचे. गंमत अशी, की यातलं एकही कुरण त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. घर ते डेअरी आणि डेअरी ते घर. नदीच्या पुलापलीकडं जाण्याचं कधी कामच पडलं नाही. जग त्यांच्याकडं चालत यायचं, तेही जिभेवरून.

एकदा तर त्यांनी एका ठोकळ्याला तोंड लावून सरळ सांगितलं, “टेकडीवरच्या एका गाईला आवरा, ती रानलसणात शिरली आहे.” सगळे फिदीफिदी हसले. टँकरवाला संध्याकाळी विचारून आला. खरंच एक नाठाळ गाय दावं तोडून लसणीच्या रानात चरत होती. तेव्हापासून डेअरीत म्हण पडली, की गाय शिंकली तरी चाखणकरांना कळतं. लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीच्या हातचा चहा एक घोट पिऊन म्हणाले होते, “दूध दोनदा उकळलंय.” मुलगी आतून तिथल्या तिथं म्हणाली, “दोनदा नाही, तीनदा. तुम्ही उशिरा आलात.” लग्न झालं हे वेगळं सांगायला नको.

आता या धंद्यात सगळे लोणी चाखतात आणि थुंकतात. ती रीतच आहे. दिवसभरात इतके ठोकळे, गिळून कसं चालेल? पण चाखणकर थुंकायचे नाहीत. त्यांचे वडीलही याच डेअरीत हेच काम करायचे आणि त्यांनी शिकवलं होतं, “गाईनं दिलेलं थुंकायचं नाही, बाळा. जी जीभ थुंकते तिला कुरण दिसत नाही.” वडील त्याच थंड खोलीत, त्याच लाकडी स्टुलावर, हातात सळी धरून बसल्या बसल्या गेले. बसले ते उठलेच नाहीत. लोक हळहळले आणि म्हणाले, काय भाग्यवान माणूस, मरणही लोण्यासारखं मऊ आलं. मुलाला वारशात स्टूल मिळालं, सळी मिळाली आणि न थुंकण्याचं व्रत मिळालं. आणखी एक गोष्ट मिळाली होती, पण ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

ती दिसली रक्ताच्या तपासणीत. डेअरीनं सगळ्यांची तपासणी करवली, आणि डॉक्टरीणबाईंनी चाखणकरांना बायकोसह बोलावून घेतलं.

“काका, तुमचं कोलेस्टेरॉल फार जास्त आहे. त्यातलंही वाईट जातीचं.”

चाखणकर हसले. “बाई, कागदाची अदलाबदल झाली असेल. माझ्या अंगावर मूठभर मांस नाही. चरबी असेल तरी कुठं?”

“रक्तात. ती बाहेरून दिसत नाही. बारीक माणसाच्याही रक्तवाहिन्यांत ती थर धरते आणि एक दिवस वाट बंद करते. वडिलांना काय झालं होतं?”

“काही नाही. बसल्या बसल्या गेले.”

“वय काय होतं त्यांचं?”

“माझ्यापेक्षा...” चाखणकर म्हणाले आणि थांबले. हा हिशेब त्यांनी कधी केलाच नव्हता. मनातले वडील नेहमी म्हातारेच होते. “माझ्यापेक्षा लहान होते.”



डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. हे कित्येकदा घराण्यातून येतं. यकृत म्हणजे शरीराचा कारखाना, तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलतच नाही. त्यात वरून लोणी. म्हणून लोणी, साय, तळलेलं कमी करायचं. कडधान्यं, भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य वाढवायचं. रोज दम लागेल न लागेल इतकं झपाझप चालायचं. पण तुमच्यासारख्याला नुसत्या पथ्यानं भागणार नाही, रोज एक गोळी घ्यावी लागेल, आणि ती चालूच ठेवावी लागेल. “लेकीचंही रक्त तपासून घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि काका, डेअरीत लोणी थुंकायला लागा.”

“थुंकायचं?” चाखणकरांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांना वडिलांच्या तसबिरीवर थुंकायला सांगितलं होतं.

“थुंका की!” बायको म्हणाली. “इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन थुंकल्यासारखं तोंड करता, तेव्हा व्रत मोडत नाही वाटतं?”

तर असं सगळं सुरू झालं. सकाळच्या पावावरचं लोणी गेलं आणि वाटीत ओटची पेज आली. तिची चव कशी आहे असं बायकोनं विचारलं तर चाखणकर डोळे मिटून म्हणाले, “पुठ्ठ्याचं खोकं. आत पूर्वी बूट होते.” मग ती त्यात सफरचंद चिरून घालू लागली, वर मूठभर बदाम. पुढं पुढं ते वाटी निपटून खाऊ लागले, पण कबूल केलं नाही. चालणं म्हणजे घराभोवती फेऱ्या. शेजारी विचारायचे, “काय हरवलंय?” आणि घाण्याच्या बैलासारखे फिरणारे चाखणकर म्हणायचे, “लोणी.” रात्री जेवणानंतर गोळी. आणि डेअरीत, वडिलांच्या स्टुलाकडं पाठ करून, स्टीलच्या पेल्यात हळूच थुंकायचं. पहिल्या दिवशी कानशिलं तापली त्यांची. पण डोळे मिटल्यावर कुरण तरीही दिसलं, जरा घाईत, चालत्या गाडीतून दिसावं तसं.

काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं, तर आकडा चांगलाच खाली. डॉक्टरीणबाई खूश, बायको खूश. चाखणकरही चार लोकांत मान डोलवून आले.

आणि त्याच सुमाराला ओढ्याकाठचं कुरण गेलं.

झालं असं, की त्या सकाळी ओढ्याकडच्या दुधाचा ठोकळा आला. चाखणकरांनी हा ठोकळा नेहमी शेवटी ठेवलेला असायचा, लहान मूल खाऊतला आवडता तुकडा ठेवतं तसा. सळी खुपसली, तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. गवत नाही. पाणी नाही. जांभळं फूल तर नाहीच. नुसती एक मंद, कोंदट जागा. कोरड्या काड्यांची धूळ, आणि कुठंतरी वर वाऱ्यानं पत्रा वाजावा तसं काहीतरी. त्यांनी डोळे उघडले, चूळ भरली, पुन्हा चाखलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाकीची कुरणं जागच्या जागी होती, पण त्यांच्याकडं आता चाखणकरांचं लक्ष लागेना. कापडाची वीण एका जागी उसवली की माणूस तिथंच बोट घालत बसतो.

मन मोठं धूर्त असतं. त्यानं लगेच चोर पकडला. गोळी! गोळी सुरू झाली आणि जीभ मरायला लागली. आधी सगळ्यात नाजूक चव गेली, मग बाकीच्याही जातील. जीभ गेली तर चाखणकर कोण? पगाराच्या कागदावरचा तो दुसराच कुणी माणूस.

त्यांनी कुणाला विचारलं नाही. बायकोदेखत गोळी तोंडात टाकायची, पाण्याचा घोट घ्यायचा, न्हाणीघरात जायचं आणि थुंकायची. आणि डेअरीत, व्रत मोडल्याचाच शाप असेल म्हणून, लोणी पुन्हा गिळायचं. जे थुंकायचं ते गिळलं आणि जे गिळायचं ते थुंकलं. थुंकायला शिकला गडी तो असा!

एवढं करूनही ओढ्याचं कुरण परत आलं नाही. खरं तर इथंच डोक्यात उजेड पडायला हवा होता, की गोळी बंद आहे आणि अंधार कायम आहे, म्हणजे चोर दुसरा कुणीतरी. पण एकदा घाबरलेला माणूस विचार करत नाही, कारणं गोळा करतो. चाखणकरांनी ठरवलं, की गोळीनं जीभ कायमचीच जाळली. दुपारच्या डुलकीत त्यांना स्वप्न पडायचं. थंड खोली, धुकं, स्टुलावर पाठमोरे वडील. ‘बाबा, काय दिसतंय?’ असं ते विचारायचे. वडील वळायचे नाहीत, नुसती सळी मागं करायचे, की घे, तूच बघ. चाखणकरांनी मनाशी पक्कं केलं, की महिनाअखेर साहेबांच्या टेबलावर सळी ठेवायची आणि घरी बसायचं.

त्याआधी पुढची तपासणी आली. आकडा उसळून पुन्हा पहिल्या जागी.

डॉक्टरीणबाई कपाळाला आठी घालून म्हणाल्या, “पथ्य पाळताय, चालताय, गोळी घेताय, तरी असं? मग डोस वाढवावा लागेल.”

“रोज माझ्यासमोर घेतात हो,” बायको म्हणाली. “मी पाणी देते.”

तिच्या आवाजात इतका विश्वास होता की चाखणकरांना तिनं रोज पुढं केलेला पाण्याचा पेला आठवला आणि त्यांनी मान खाली घातली. “बाई,” ते म्हणाले, “डोस वाढवू नका. आधीची गोळीसुद्धा पोटात गेलेली नाही.”

मग सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत बायकोकडं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “या गोळीनं सहसा चव जात नाही. पण गेल्यासारखी वाटली तर मला सांगायचं, मी दुसरी गोळी बघेन. पाय, खांदे विनाकारण दुखले, लघवी गडद झाली, तरीही लगेच सांगायचं. पण परस्पर बंद करायची नाही. आकडा खाली आला होता तो गोळीमुळंच आला होता, काका. छत्री धरली म्हणून कोरडे होता. कोरडे आहात म्हणून छत्री मिटली, तर काय होणार?”

बाहेर रस्त्यावर आल्यावर बायको पुढं पुढं चालत राहिली. बेकरीच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाली, “जीभ जपा हो, जरूर जपा. फक्त एक सांगा. उद्या डेअरीतून नुसती जीभच घरी आली, तर मी तिच्याशी काय बोलू?”

चाखणकर हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच राहिलं. त्या रात्री त्यांनी गोळी गिळली आणि आ करून बायकोला दाखवलं. तिनं टॉर्च आणून बघितलं. पण मनातून ते खचलेच होते. जीव वाचवायचा तर जीभ द्यायची, असा त्यांचा हिशेब झाला होता. म्हणाले, “उद्या सुट्टी आहे. सळी ठेवण्याआधी ते ओढ्याकाठचं कुरण एकदा डोळ्यांनी बघून येतो. इतकी वर्षं खाल्लं त्याचं.”

“चला, मीही येते,” बायको म्हणाली. “घराभोवती फिरून तुम्ही अंगणात चर पाडलाय, त्यापेक्षा बरं.”

सकाळी निघाले तेव्हा नदीवर धुकं होतं, अगदी थंड खोलीतल्यासारखं. पूल अर्धाच दिसत होता. पलीकडं जग आहे की नाही कोण जाणे, असं वाटायचं आणि चार पावलं टाकली की एक झाड उगवायचं. पुढं आणखी एक. चाखणकर थबकले. टेकडीचा कडसर वास आला होता. “ही बघ, ही टेकडी!” ते म्हणाले, आणि खरंच धुक्यातून टेकडी वर आली. मग धुळीचा रस्ता. एखाद्याची पत्रं वर्षानुवर्षं यावीत आणि मग एक दिवस त्याचं दार ठोठावावं, तसं त्यांना झालं. पाय आपोआप झपाझप पडू लागले. बायको मागून ओरडली, “दम लागेल न लागेल इतकंच सांगितलंय!”

ओढा आला. आणि काठावर कुरण नव्हतं. तिथं खणलेली माती होती, दगडांचे ढीग होते, दोन यंत्रं धुक्यात मान घालून झोपली होती. ओढ्याला बांध घालायचं काम चाललेलं. बाजूला टँकर उभा होता आणि टँकरवाला चाकाला टेकून चहा पीत होता.

“चाखणकर! तुम्ही? पुलाच्या अलीकडं? सूर्य कुठून उगवला आज?”

“कुरण कुठाय?” चाखणकरांनी विचारलं.

“बांधाचं काम सुरू झाल्यापासून बंद आहे की! गाई त्या पत्र्याच्या गोठ्यात. सुकं गवत खातायत बिचाऱ्या.”

“मग डेअरीत बोलला नाहीस?”

“मला कुणी विचारलंय कधी? आणि तुम्हाला काय सांगायचं? गाय शिंकली तरी तुम्हाला कळतं.”

चाखणकर गोठ्याकडं चालू लागले. दारातून आत शिरले आणि जागच्या जागी उभे राहिले. मंद उजेड. कोंदट ऊब. कोरड्या काड्यांची धूळ तिरक्या उन्हात तरंगत होती. वर वारा आला आणि पत्रा वाजला. ही जागा त्यांनी पाहिली होती. दर सकाळी, डोळे मिटून, तीच पाहिली होती. एका गाईनं रवंथ थांबवून ‘आलात का शेवटी?’ अशी मान वळवली.

ते हसायला लागले. हसता हसता गव्हाणीच्या कडेला बसले आणि डोळे पुसू लागले. बायको धावत आली. “काय झालं? छातीत दुखतंय का? बोला!”

“अगं, काही दुखत नाही. जीभ जिवंत आहे! ती बिचारी रोज खरं सांगत होती, की गाई गोठ्यात आहेत, गाई गोठ्यात आहेत. मीच तिला मेलेली समजून रडत बसलो.”

“आणि गोळीला फाशी दिली,” बायको म्हणाली. मग तीही त्यांच्या शेजारी टेकली. गाईनं तिच्या पदराचा वास घेतला.

परतताना चाखणकरांनी मातीच्या ढिगाच्या कडेला वाचलेलं एक जांभळं फूल खुडलं आणि चघळलं. डोळे मिटले. मग रिवाजाप्रमाणं थुंकले, वडिलांची माफी न मागता. बायको म्हणाली, “मलाही द्या बघू.” तिनं चघळलं आणि म्हणाली, “गवत आहे.” चाखणकर म्हणाले, “तुझं दूध तीनदा उकळलेलं, तुला काय कळणार!” यावर त्यांना पुलापर्यंत बरंच ऐकून घ्यावं लागलं.

सळी साहेबांच्या टेबलावर गेली नाही. दुसऱ्याच दिवशी चाखणकरांनी ओढ्याच्या ठोकळ्याला न कचरता दुसरी प्रत लावली आणि खाली कारण सांगितलं, गाई बांधून आहेत. लेकीचं रक्त तपासलं, तर घराण्याचा तो न दिसणारा वारसा तिच्याकडंही निघाला. पण तिला तो तरुणपणीच सापडला. “बाबा, गोळी गिळायची की थुंकायची?” तिनं फोनवर विचारलं, आणि फोनच्या दोन्ही टोकांना मायलेकी हसल्या. चाखणकरांचा आकडा पुढच्या तपासणीत पुन्हा खाली उतरला. या वेळी त्यांनी मान डोलवली नाही, घरी येऊन गोळीसाठी नुसता पाण्याचा पेला पुढं केला.

बांध पूर्ण झाला, कुरण हिरवं झालं, गाई सुटल्या. एके सकाळी ओढ्याचा ठोकळा आला. चाखणकरांनी तो शेवटी ठेवला. सळी खुपसली, अर्धी गिरकी दिली. नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. गवत आलं, पाणी आलं, जांभळी फुलं उतारभर पसरली. आणि या वेळी, पहिल्यांदाच, कुरणात माणसं होती. स्टुलावर वडील बसले होते, तोंड इकडं करून, चाखणकरांपेक्षा कितीतरी तरुण. आणि जरा पुढं बांधावर बायको बसलेली, बुटातला खडा झटकत म्हणत होती, “चला हो, थांबलात काय?”

चाखणकर पेल्यात हळूच थुंकले, आणि त्यांनी डोळे आणखी थोडा वेळ मिटलेलेच ठेवले.